अकराच्या अकरा

केंद्रावर रुग्णवाहिका सहा होत्या, ड्रायव्हर अकरा होते आणि चांगलं अक्षर एकच होतं. ते ज्याच्या हातात होतं त्याला सगळे कारकून म्हणत. होता तो ड्रायव्हरच, एकोणीस वर्षं स्टेअरिंगवर मुरलेला. पण एकदा का माणसाचं अक्षर चांगलं निघालं की त्याची सुटका नसते. कोणाचा रजेचा अर्ज, कोणाच्या मुलीच्या शाळेला द्यायचं पत्र, कोणाचा आरसा फुटल्याचा खुलासा, सगळं त्याच्याच गळ्यात. एकाने तर लग्न ठरल्यावर होणाऱ्या बायकोला पाठवायचं पत्रही त्याच्याकडून लिहून घेतलं होतं. पुढे दोन वर्षं ती बाई नवऱ्याला विचारत होती, की आता का हो तुम्हाला तसं सुचत नाही?

खुलासे हा त्याचा खास प्रांत. मागे घेताना भोंग्याने गाडी भिंतीला लावली तेव्हा कारकुनाने लिहिलं होतं, 'भिंत आपल्या पूर्वीच्याच जागी उभी असल्याचे चालकाच्या वेळीच ध्यानात आले नाही.' वरच्या कचेरीने तो खुलासा मंजूर केला. भोंगा म्हणजे त्याच्याच पाळीतला दुसरा ड्रायव्हर. आवाज असा, की गाडीचा सायरन बिघडला तरी काम अडू नये.

वर्षातून एकदा वरच्या कचेरीला आपल्या ड्रायव्हरांच्या मनाची काळजी वाटायची. आणि कचेरीतल्या माणसाला काळजी वाटली की तो दुसरं काय करणार? फॉर्म छापतो. 'मानसिक आरोग्य प्रश्नावली', प्रश्न पंचवीस, प्रत्येकापुढे चार चौकोन: कधीच नाही, क्वचित, कधी कधी, नेहमी. सही नको, नाव नको, फक्त कर्मचारी क्रमांक. केंद्राने त्यावर आपली रीत बसवली होती. कारकुनाने वरचा एक फॉर्म भरायचा, 'कधीच नाही'च्या खाली पंचवीस खुणा, पट्टीने आखल्यासारख्या सरळ. बाकीच्यांनी वरचं बघून खाली उतरवायचं. दहा मिनिटांत अकरा माणसं ठणठणीत. सहा वर्षं हे असं चाललं होतं, आणि सहा वर्षांत एकानेही त्यातला एक प्रश्न वाचला नव्हता. उत्तर आधीच ठरलेलं असताना प्रश्न वाचतंय कोण?

यंदा कारकुनाने वाचला.

त्याला कारण फार मोठं नव्हतं. दुपारची वेळ, बाहेर आवारात मेकॅनिक त्याच्या गाडीचं टायर बदलत होता आणि टेबलावर वाचण्यासारखं दुसरं काही नव्हतं. पहिला प्रश्न होता, 'पुरेशी झोप होऊनही सकाळी उठताना थकवा जाणवतो का?' त्याचा हात सवयीने पहिल्या चौकोनाकडे गेला, तिथे थबकला आणि मुकाट्याने शेवटच्या चौकोनात जाऊन खूण करून आला. दुसरा प्रश्न, 'पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी नकोशा वाटतात का?' कुणीतरी आपल्याबद्दल इतकं नेमकं छापून ठेवलंय याचं त्याला नवलच वाटलं.

गेले आठ महिने त्याचं काहीतरी बिनसलं होतं. काय, ते सांगता येत नव्हतं, हीच तर पंचाईत. एखादा वाईट कॉल घडला असता तर त्याच्यावर बोट तरी ठेवता आलं असतं. पण वाईट कॉल एकोणीस वर्षांत ढिगाने झाले होते. ते यायचे, दोन दिवस जेवण जायचं नाही, मग पुढचा कॉल यायचा. हे तसं नव्हतं. हे दार न वाजवता आत आलं आणि घर आपलंच असल्यासारखं बसून राहिलं. आधी गाडीतलं बोलणं बंद झालं. एरवी कारकून गाडी चालवताना रस्त्याचं समालोचन करायचा. वाट अडवणाऱ्या ट्रकला म्हणायचा, 'काका, सासुरवाडीला आलाय का, किती दिवस मुक्काम?' मागे रुग्णाजवळ बसलेल्या नर्स, ताई, हसायच्या, एकदोनदा तर रुग्णही हसले होते. ते थांबलं. मग जेवणाची चव गेली. मग घरी जाणं जड व्हायला लागलं. ड्यूटी संपली की तो स्कूटर घराखाली लावायचा आणि तिच्यावरच बसून राहायचा, अर्धा तास, पाऊण तास, हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून. हेल्मेट घातलेल्या माणसाशी शेजारी गप्पा मारत नाहीत, हा शोध त्याला तेव्हाच लागला. वर तिसऱ्या मजल्यावर बायको लोकांचे पडदे शिवत असायची, मशीनची घरघर खाली ऐकू यायची. ती ऐकत बसायचं आणि वर गेल्यावर सांगायचं, 'गाडी ताब्यात द्यायला उशीर झाला.'

आणि या सगळ्याची त्याला लाज वाटायची. हात धड, पाय धड, रोज दुसऱ्यांना चार-चार मजले उचलून खाली आणणारा माणूस. त्याला स्वतःचे तीन मजले चढवत नाहीत, हे सांगायचं कोणाला आणि कोणत्या तोंडाने?

तर अंगाला खाज सुटल्यावर खाजवावं तसे त्याने एकामागून एक प्रश्न खरे भरले. सातव्या प्रश्नाशी जरा विचार केला. 'काम करताना हातून गंभीर चूक होईल अशी भीती वाटते का?' स्टेअरिंगवर हात असेपर्यंत तसं काही वाटत नव्हतं, म्हणून 'क्वचित'. एकोणिसाव्याशी मात्र तो बराच वेळ थांबला. 'आपण नसतो तर घरच्यांचं अधिक बरं चाललं असतं, असं वाटतं का?' त्याने दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि 'कधी कधी'वर खूण केली.

पंचविसावा झाला तेव्हा त्याला थोडं हलकं वाटलं. आता हा कागद फाडायचा आणि नेहमीसारखा शहाण्यासुरत्या माणसाचा फॉर्म भरायचा, असं म्हणून त्याने नवा फॉर्म ओढला, तोच कॉल आला. कारखान्यात कोणीतरी शिडीवरून पडलं होतं, टायर बसवून झालं होतं, ताई गाडीत चढून हाका मारत होत्या. कागद गठ्ठ्यावर तसाच टाकून तो पळाला.

पुढे जे झालं ते केवळ या केंद्रावरच होऊ शकत होतं. कचेरीचा माणूस फॉर्म न्यायला दारात येऊन उभा राहिला. साहेब, म्हणजे केंद्राचे प्रमुख, ओरडायला लागले. भोंगा नुकताच परत आला होता. त्याने पाहिलं, गठ्ठ्यावर वरचा फॉर्म भरलेला आहे, खालचे कोरे आहेत. मित्राचं काम अडलंय म्हटल्यावर भोंगा मागे कसा राहील? त्याने बाह्या सरसावल्या आणि वरचं बघून खाली उतरवलं. दहाच्या दहा फॉर्म, एकट्याच्या हाताने, एक चौकोन इकडचा तिकडे न होऊ देता. अकराही फॉर्मवर अकरा क्रमांक घातले आणि गठ्ठा दारातल्या माणसाच्या हातात दिला. संध्याकाळी कारकून परतला तेव्हा भोंग्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुझं काम उरकलं बघ! यंदा खुणा इकडेतिकडे का रे केल्यास? उतरवताना जीव गेला माझा."

कारकुनाने टेबलावर पाहिलं, तिथे एकही फॉर्म नव्हता. मग त्याने स्वतःची समजूत घातली, की वर तरी कोण वाचतंय? सहा वर्षांत कोणी वाचलं नाही ते आत्ताच वाचणार आहे?

पण वरच्या कचेरीत यंदा कागद माणसं वाचत नव्हती, यंत्र वाचत होतं. आणि यंत्राला आळस नसतो.

पाचव्या दिवशी पत्र आलं. साहेबांनी ते सगळ्यांना उभं करून मोठ्याने वाचून दाखवलं. केंद्रावरील अकराही चालकांना पंचाहत्तरपैकी छप्पन्न गुण मिळाले असून अकराही जण तीव्र नैराश्याच्या गटात मोडतात. सबब त्यांना तातडीने स्टेअरिंगवरून उतरवण्यात यावे. मात्र सेवा खंडित होणार नाही याची दक्षता घ्यावी. दोन दिवसांसाठी समुपदेशक पाठवण्यात येत आहेत.

"अकराच्या अकरा!" साहेबांनी पत्र टेबलावर आपटलं. "उतरवा पण म्हणतायत आणि चालवा पण म्हणतायत. गाड्या काय मी ढकलू? आणि सगळ्यांना छप्पन्नच कसे रे? एकाला पंचावन्न नाही, एकाला सत्तावन्न नाही!"

"साहेब, आमच्यात एकी आहे," मागून कोणीतरी म्हणालं, आणि मग हसू आवरेना.

भोंगा तेवढा हसला नाही. "मी तर वरचं बघून उतरवलं," तो म्हणाला. "वरचा कारकुनाने भरला होता."

सगळे कारकुनाकडे वळले. दहा ड्रायव्हर, ताई आणि साहेब. हसतच वळले, पण वळले. त्याचे कान गरम झाले. खरं सांगायचं तर तोंड उघडण्याएवढंच काम होतं. पण एका शब्दात स्टेअरिंग जाणार होतं. सगळं बेचव झालेलं असताना तेवढी एकच जागा उरली होती जिथे त्याचे हात अजून त्याचं ऐकत होते. ती गेली तर मग सकाळी उठायचं कशासाठी?

"गंमत केली," तो म्हणाला. "सहा वर्षं त्याच त्या रांगेत खुणा करून कंटाळा आला होता. फाडून टाकणार होतो, तेवढ्यात कॉल आला."

हसण्याचा नवा लोट उठला. साहेबांनी कपाळावर हात मारला आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. "मग तू केलंस ते तूच निस्तर. असा खुलासा लिही, की नमुना फॉर्म चुकून भरला गेला, सर्व चालक सुस्थितीत आहेत. आणि बाकीच्यांनो, त्या बाई आल्या की पाच मिनिटांत हेच सांगून बाहेर यायचं. त्यांच्याशी गप्पा छाटत बसायचं नाही."

समुपदेशक बाई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. साठीच्या, एका गुडघ्याने लंगडणाऱ्या, हातात पाण्याची भलीमोठी बाटली. त्यांना बसायला खोली नव्हती, म्हणून सामानाची खोली दिली. एका बाजूला ऑक्सिजनचे सिलिंडर, दुसऱ्या बाजूला घड्या घातलेली स्ट्रेचरं, मधे एक टेबल आणि दोन खुर्च्या.

पहिला भोंगा गेला. 'पाच मिनिटांत आलोच,' असं सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं सांगून आत शिरला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. भोंग्याचा आवाज, जो एरवी दोन गल्ल्या पलीकडे जातो, तो बंद दाराबाहेरही येईना. पन्नास मिनिटांनी बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. "आत धूळ फार आहे," एवढंच तो म्हणाला आणि गाडी धुवायला निघून गेला.

दुसरे गेले ते सगळ्यात वयस्क, निवृत्तीला आलेले. ते अर्ध्या तासाने डोळे चोळत बाहेर आले. "खुर्चीत झोपलो रे," ते खजील होऊन म्हणाले. "काही विचारलंच नाही त्यांनी. म्हणाल्या, झोपा. महिन्यात पहिली झोप लागली." तिसऱ्याला पाऊण तास लागला. साहेब दर थोड्या वेळाने घड्याळ बघत येरझाऱ्या घालायला लागले.

कारकून गाडीमागे पाण्याचा पाइप धरून उभ्या असलेल्या भोंग्याकडे गेला. भोंगा एकच चाक केव्हापासून धूत होता.

"काय विचारलं त्यांनी?"

"काही नाही रे. मी सांगितलं, हे माझं नाही, उतरवलेलं आहे. त्या म्हणाल्या, बरं, मग आता वाचून तरी बघू या." भोंग्याने पाइप दुसऱ्या हातात घेतला. "दहा वेळा लिहिलं मी ते, आणि काय लिहितोय ते मला माहीत नव्हतं. चौदावा प्रश्न आहे, घरी असतानाही सायरन ऐकू येतो का. मी म्हटलं, येतो की. जेवताना येतो, अंघोळीला येतो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटायचं, सगळ्यांनाच येतो."

 कारकुनाने पुढे होऊन नळ बंद केला. पंधरा वर्षं हा माणूस आपल्याशेजारी इतक्या मोठ्याने का बोलतो, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता, आणि आता पडला तेव्हा त्याचा जीव कळवळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारकुनाचा नंबर होता आणि त्याआधी खुलासा द्यायचा होता. सकाळी एक साधा कॉल झाला, एका आजीबाईंना तपासणीहून घरी सोडायचं. सोडून परत येताना ताई मागून उठून पुढच्या सीटवर येऊन बसल्या. ताईंनी त्याच्याबरोबर अकरा वर्षं काढली होती. कोणाच्या नाडीवर बोट ठेवलं की चेहऱ्याकडे न बघता सगळं सांगायच्या.

"मी तो फॉर्म पाहिला," त्या म्हणाल्या. "बाईंच्या टेबलावर पडला होता."

"गंमत होती हो, ताई."

"गंमत करणारा माणूस कसा भरतो माहीत आहे? सगळीकडे 'नेहमी', 'नेहमी', 'नेहमी'. नाहीतर एक आड एक. तू सातव्या प्रश्नाला 'क्वचित' लिहिलंयस." त्यांनी समोरचा रस्ता बघत सीटबेल्ट लावला. "गंमत करताना कोणी 'क्वचित' लिहितं का रे?"

सिग्नल लाल होता. पुढे एक माणूस फळांची गाडी आडवी घालून रस्ता ओलांडत होता, अगदी निवांत, जगात कोणाला घाई नसल्यासारखा. आठ महिन्यांपूर्वीचा कारकून त्याला नक्की काहीतरी बोलला असता. ताईंनी वाट पाहिली. सिग्नल हिरवा झाला.

"मी कोणाला सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तू सांग. नाहीतर मी पुढच्या वेळी मागे बसून रुग्णाकडे बघणार नाही, तुझ्याकडेच बघत बसेन. मग रुग्णाच्या नातेवाइकांना काय उत्तर द्यायचं ते तू दे. खुलासा लिहायला तू आहेसच."

चार वाजता साहेब निघणार होते. अडीचला कारकून कागद घेऊन बसला. ज्याने भिंतीचासुद्धा खुलासा एका दमात लिहिला होता, त्याला पहिल्या ओळीपुढे जाता येईना. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की,' इथपर्यंत पेन आपोआप आलं. पुढचं वाक्यही तयार होतं: नमुना प्रश्नावली अनवधानाने भरली गेली, सर्व चालक सुस्थितीत आहेत. तेवढं लिहिलं की सगळं मिटत होतं. अकरा फॉर्म रद्द, अकरा नवे कोरे, अकरा सरळ रांगा. भोंग्याला पुन्हा जेवताना सायरन ऐकू आला असता आणि कागदावर 'कधीच नाही' लिहिलं गेलं असतं, कारकुनाच्या वळणाबरहुकूम. ते वळण आपणच घातलंय, हे त्याला फार लागलं. आपल्या आजाराची लाज वाटून तो आठ महिने गप्प होता. पण या कागदाची त्याला जास्त लाज वाटली.

त्याने लिहिलं आणि नेऊन साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी चष्मा लावला.

'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अकरांपैकी दहा प्रश्नावल्या नक्कल केलेल्या आहेत. त्या कृपया रद्द समजाव्यात. मात्र ज्या प्रश्नावलीवरून नक्कल झाली ती खरी आहे. ती माझी आहे. उरलेल्या दहा चालकांना प्रश्न वाचून दाखवून पुन्हा विचारावे, ही विनंती, कारण त्यांनी ते अद्याप वाचलेले नाहीत.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं.  "अरे, परवा म्हणालास ना, गंमत होती म्हणून?"

"परवा गंमत केली, साहेब. गंमत होती असं सांगितलं, ती."

"पण स्टेअरिंग जाईल ना रे तुझं."

"हो," कारकून म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला. "तेच तर."

साहेबांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग उठून स्वतः त्याला सामानाच्या खोलीपर्यंत पोहोचवायला आले. पंधरा पावलांची वाट, पण आले.

बाईंनी पत्र वाचलं आणि हसल्या. "छान लिहिता," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच होतं, या दहांचा बाप कोणीतरी असणार." मग त्यांनी त्याला बोलू दिलं. त्याने स्कूटर सांगितली, हेल्मेट सांगितलं, चव सांगितली. सांगताना सगळं फार क्षुल्लक वाटत होतं आणि तरी सांगून संपत नव्हतं. त्यांनी स्पष्ट सांगितलं: हा आजार आहे, याला औषध आहे, डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी मी देते, उद्याच जायचं. सहा-आठ आठवडे गाडी नाही. मग तपासणी, मग गाडी.

"परत मिळेल?"

"मोडलेल्या हाताने गाडी चालवू देत नाहीत. हात जुळला की देतात की नाही?" त्यांनी बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून त्याच्यापुढे सरकवलं. "घरी कोणाला माहीत आहे?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. "मुलगी शिकायला बाहेर असते. आणि बायकोला... मला जमणार नाही, बाई. दुसऱ्यांची पत्रं लिहीन हवी तेवढी. हे मला बोलायला येत नाही."

"मग बोलू नका," त्या म्हणाल्या आणि त्याचा फॉर्म, तो पहिला, उचलून त्याच्या हातात दिला. "याची प्रत ठेवली आहे मी. हा घरी न्या आणि वाचायला द्या. आत्ताच जा. वाटेत कुठे टेकू नका."

गाडीची किल्ली त्याने भोंग्याच्या हातात दिली. भोंग्याने ती खिशात टाकली नाही, तशीच मुठीत धरून ठेवली. "मी नुसती सांभाळतोय," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला. "आणि पुढच्या गुरुवारी मला पण जायचंय त्या डॉक्टरांकडे. मी एकटा जाणार नाही, सांगून ठेवतो."

बायकोने दार उघडलं तेव्हा तिच्या ओठांत दोन टाचण्या होत्या आणि खांद्यावर कोणाचा तरी निळा पडदा. त्याला इतक्या लवकर दारात बघून तिने टाचण्या काढल्या.

"अहो, आज एवढ्यात? काय झालं? कोणाला काय झालं?"

"मला," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघायला लागली. रक्त नव्हतं, पट्टी नव्हती. त्याने कागद पुढे केला. ती मशीनपाशी उजेडाला जाऊन बसली आणि वाचायला लागली, मापं तपासताना वाचायची तशी, एकेका ओळीवर बोट ठेवून. तो पडद्यांच्या ढिगाऱ्याशेजारी उभाच राहिला. एवढी भीती त्याला कुठल्या घाटात, कुठल्या वळणावर वाटली नव्हती. तिचं बोट सावकाश खाली उतरत होतं. एखाद्या प्रश्नाशी ती 'हं' म्हणायची, जणू हे तिला ठाऊकच होतं, फक्त कोणीतरी छापून द्यायचं बाकी होतं.

एकोणिसाव्याशी बोट थांबलं. तिने प्रश्न वाचला. खूण बघितली. पुन्हा प्रश्न वाचला. आणि मग तिला जो राग आला तो त्याने लग्नानंतर दोनदाच पाहिला होता.

"हा प्रश्न तुम्हाला कोणी विचारला?"

"छापलेलाच आहे तो. सगळ्यांना असतो."

"पण घरच्यांचं बरं चाललं असतं का नसतं, ते तुम्हाला काय माहीत? घरची मी आहे. हे मला विचारायचं सोडून तुम्हाला कशाला विचारतात?" तिने कापडावर खुणा करायची पेन्सिल उचलली, 'कधी कधी'वर काट मारली आणि 'कधीच नाही'च्या चौकोनात इतकी दाबून खूण केली की कागद फाटला.

मग तिने पदराने डोळे पुसले, पडदे ढकलून शेजारी जागा केली आणि त्याला हाताला धरून खाली बसवलं.

"हा एक सुटला," ती म्हणाली. "उरलेले चोवीस उद्या डॉक्टरांसमोर बघू. मी येतेय."